पट्टी लावल्याशिवाय पंखा बाहेर नाही

मृत्युपत्र

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जळालेल्या मोटरी भरून देणे, सध्या निवृत्त, असे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी शाबूत आहे, हात कापत नाही आणि हे लिहायला मला कोणी बसवलेलं नाही. मला कुठे बसवायची या घरात कोणाची टाप नाही, हे वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात 'स्मरणशक्ती उत्तम' असं लिहिलं आहे. ते वाचून माझे दीर म्हणाले, "वहिनी, तेच तर आमचं दुखणं आहे."

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केल्याचा कागद कोणी पुढे आणलाच तर तो खोटा समजावा आणि आणणाऱ्याला चहा न देता परत पाठवावं.

कलम १. माझी माणसं

माझे पती चार वर्षांपूर्वी वारले. आम्हांला मूलबाळ नाही. घर दोघा भावांचं, मध्ये भिंत घालून दोन भाग केलेलं. डावा भाग आमचा, उजवा धाकट्या दिरांचा, मागचं अंगण सामाईक. पलीकडे दीर, त्यांची बायको म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि त्यांची एकुलती एक मुलगी राहतात. जावेला मी पहिल्या दिवसापासून 'धाकटी' म्हणत आले, या कागदातही तेच म्हणेन. पुतणी लिफ्ट दुरुस्त करते. ते काम तिला माझ्या हाताखाली स्क्रूड्रायव्हर धरून आलं, असं मी म्हणते. ती नाही म्हणत.

जावा-जावा उभा दावा ही म्हण आमच्या बाबतीत पहिली सतरा वर्षं साफ खोटी ठरली. पुढची नऊ वर्षं खरी ठरली. त्याचं कारण कलम ७ मध्ये येईल. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात असल्या गोष्टी लिहीत नसतात. मी म्हटलं, "मी लिहिते."

कलम २. राहतं घर

माझ्या भागातलं राहतं घर, वरची खोली आणि गच्चीचा माझा हिस्सा धरून, माझ्या पुतणीला मिळावं. यात रस्त्याकडची वर्कशॉपची खोली येत नाही, तिचं कलम ८ मध्ये पाहा.

घराविषयी सूचना. जिन्याची तिसरी पायरी अर्धा इंच उंच आहे, नव्या माणसाला सांगावं. मोरीतला नळ उजवीकडे फिरवला की सुरू होतो आणि डावीकडे फिरवला की बंद. तो ज्या प्लंबरने उलटा बसवला त्याला मी आजतागायत माफ केलेलं नाही. उलटं बसवायचं आणि वर तोंड करून 'सवय होईल' म्हणायचं, हा माणूस कारागीर नव्हे.

कलम ३. बचत

बँकेतली माझी बचत दोन सारखे भाग करून एक पुतणीला आणि एक माझ्या वाइंडरबाईला द्यावी. वाइंडरबाई बावीस वर्षं माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळत आली. या बावीस वर्षांत ती मला दोनदा उलट बोलली आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं.

कलम ४. हत्यारं

तार गुंडाळायचं मशीन, मीटर आणि उरलेली तार वाइंडरबाईला.

माझ्या पतीची हत्यारांची पेटी, हातोडे आणि वाइससकट, माझ्या दिरांना. त्या पेटीत पक्कड नाही म्हणून कोणी पुतणीवर संशय घेऊ नये. पक्कड दिरांकडेच आहे. आठ वर्षांपूर्वी 'पाच मिनिटांत आणून देतो वहिनी' म्हणून नेली, ती पाच मिनिटं अजून व्हायची आहेत.

भिंतीवरची पाटी मात्र कोणी काढू नये. तिच्यावर मी स्वतःच्या हाताने रंगवलं आहे: 'पट्टी लावल्याशिवाय पंखा बाहेर नाही.' ज्याला कळत नाही त्याच्यासाठी सांगते. दुरुस्त केलेला कुठलाही पंखा गिऱ्हाइकाला देण्याआधी त्याच्यापुढे कागदाची एक पट्टी धरायची. वारा कुठून येतो आणि कुठे जातो ते पट्टी सांगते. कान फसतो, डोळा फसतो, पट्टी फसत नाही. हा नियम मोडला म्हणून मी दोघांना कामावरून काढलं होतं.

कलम ५. इंजिन

अंगणातलं पेलेट ग्रिल, ज्याला सगळी गल्ली 'इंजिन' म्हणते, माझ्या पुतणीला मिळावं.

ते माझ्याकडे कसं आलं ते लिहून ठेवते, म्हणजे कोणी मालकी सांगत येऊ नये. एका खानावळीच्या मालकाने ते हातगाडीवर घालून आणलं. पिंपासारखं काळं धूड, बाजूला एक पेटी, खाली चाकं, त्यातलं एक गायब. त्या पेटीत लाकडाच्या कांड्या घालतात. भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड आणि बोटाच्या पेराएवढ्या लांब. कोरड्या असतात तोवर सोनं. पाणी लागलं की फुगून लगदा होतो आणि लगदा वाळला की दगड. मालकाने पेटी भरलेली ठेवून धूड उघड्यावर सोडलं होतं. आतला स्क्रू अडकला, मोटर जळली. मी तीन दिवस छिन्नीने दगड फोडत होते. तो म्हणाला, "बाई, भंगारात घाला नाहीतर तुम्हीच ठेवा." मी ठेवलं. तसं त्याच्याकडून लिहूनही घेतलं आहे, कागद कपाटात निळ्या फायलीत.

त्याचं काम असं. पेटीतल्या कांड्या तो स्क्रू थोड्या थोड्या ढकलत विस्तवाच्या वाटीत टाकतो, मागचा पंखा विस्तवाला वारा घालतो आणि कंट्रोलर सांगाल तेवढी आंच राखतो. धूर चिमणीतून जाता जाता मांसाला वास देऊन जातो. माणसाने फक्त एक काम करायचं, ते म्हणजे गप्प बसायचं. तेच लोकांना जमत नाही. माझे पती पहिल्यांदा पाहून म्हणाले होते, "म्हणजे चूल पेटवायलाही आता वायर लागणार?" त्याच संध्याकाळी त्यांनी अख्खी कोंबडी एकट्याने संपवली आणि हाडं चोखत म्हणाले, "वायर चांगली आहे."

पुतणी, तुला सूचना. पेटीत कांड्या ठेवून गावाला जाऊ नको, वर सांगितलंच आहे. बंद करताना वायर उपटू नको. बटण दाबलं की पंखा दहा मिनिटं चालू राहतो आणि वाटीतला विस्तव पुरता संपवतो. तो अर्धवट ठेवलास तर आग स्क्रूच्या नळीतून मागे सरकत पेटीत जाते. मांसाचा मोठा तुकडा असला की आतली उष्णता चढत चढत एका जागी अडते आणि दोन-दोन तास हलत नाही. तेव्हा घाबरून आंच वाढवू नको. आतलं पाणी सुटत असतं, म्हणून ते अडलेलं असतं. त्याला त्याचा वेळ दे. तुझ्या लग्नाच्या बाबतीत मी तुझ्या बापाला हेच सांगत असते. चरबीची ताटली प्रत्येक वेळी पूस. मका शेवटी टाक, भोपळा आधी. झाकणाविषयी कलम ७.

कलम ६. मास्तर

मागच्या अंगणाच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या, चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना माझ्याकडच्या कांड्यांचं एक न फोडलेलं पोतं द्यावं. मास्तर कोळसेवाले आहेत. वीस वर्षं ते कुंपणावर कोपर टेकून सांगत आले, "खरी चव कोळशाची. तुमचं ते बटणाचं जेवण." त्यांनी आजवर माझ्याकडे किती वेळा जेवून हे सांगितलं ते मी मोजलेलं नाही, पण उपाशीपोटी एकदाही सांगितलेलं नाही. पोतं घरी आलं की त्यांना निदान एकदा वास तरी घ्यावा लागेल.

कलम ७. कबुली

आता जे लिहिते ते लिहायला मला नऊ वर्षं लागली.

धाकटीने घरात बसून दुसऱ्यांचे कपडे उसवून-शिवून सोळा वर्षं काढली, आणि मग चौकात स्वतःचं शिवणकामाचं दुकान घेतलं. उघडायच्या दिवशी मागच्या अंगणात साठ माणसं जेवायला बोलावली होती. सगळी गल्ली, चौकातले दुकानदार, तिची होऊ घातलेली गिऱ्हाइकं. जेवण मी अंगावर घेतलं. "तू फक्त नवी साडी नेस आणि मिरव," असं म्हटलं होतं मी तिला. बारा कोंबड्या, मटणाच्या दोन मोठ्या मांड्या, मका, भोपळा. इंजिन सकाळी आठला पेटवलं, जेवण तीनला.

त्याच आठवड्यात इंजिनाचा पंखा कुरकुरत होता, म्हणून मी मोटर उघडून बुश बदललं होतं. बुश म्हणजे जिच्यात दांडा फिरतो ती पितळी कडी. पाच मिनिटांचं काम. जोडून, कान लावून ऐकलं. आवाज लोण्यासारखा. बसवून टाकलं.

बारा वाजता कंट्रोलरवरचा आंचेचा आकडा उतरायला लागला. नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी आधी कांड्यांना बोल लावला, सर्दावल्या असतील म्हणून. धाकटी येऊन पाहत होती. पाच-सहा वेळा तिने झाकण उघडलं. मध्ये एकदा ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "वहिनी, धूर पेटीतून येतोय. चिमणीतून यायला हवा ना?"

मी म्हटलं, "तू तुझं शिवणयंत्र बघ. हे माझं काम आहे."

 थोड्या वेळाने तिने पुन्हा झाकण उघडलं आणि आतून भडका उठला. अर्धवट धुमसणाऱ्या कांड्यांचा ढीग साचला होता, त्याला एकदम हवा मिळाली. पेटीही पेटली. दिरांनी वाळू ओतली. बारा कोंबड्या, दोन मांड्या, सगळं काजळी आणि वाळूत गेलं. साठ माणसं थाळ्या धरून उभी होती आणि सगळ्यांनी पाहिलं होतं की झाकण हिने उघडलं आणि भडका उठला.

तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "घाईच्या हाताला ना विस्तव कळतो, ना शिवण."

लोक हसले. वाक्य चांगलं होतं, मला लगेच कळलं की ते चांगलं आहे. संध्याकाळपर्यंत ते चौकात पोचलं. आठवड्याभरात धाकटीला 'घाईबाई' नाव पडलं. माणसं थट्टेत म्हणत, पण कापड द्यायची वेळ आली की दुसरीकडे जात. दीड वर्षाने तिने दुकान बंद केलं. तेव्हापासून ती गणवेशाच्या कारखान्यात आहे. दिवसभर फक्त कॉलरी. बाही नाही, बटण नाही, सबंध सदरा तिच्या हाताखालून जातच नाही. अंगणाकडची स्वयंपाकघराची खिडकी तिने त्या दिवशी बंद केली, ती बंदच आहे. निरोप असला की दिरांबरोबर पाठवते.

खरी गोष्ट अशी. त्या जेवणानंतर तिसऱ्या दिवशी मी इंजिन साफ करायला घेतलं. पंखा सुरू करून मागच्या जाळीपुढे कागदाची पट्टी धरली. पट्टी आत ओढली जाऊन जाळीला चिकटायला हवी होती. ती माझ्या तोंडाकडे फडफडली. बुश बदलून मोटर जोडताना मी तिचा आतला गाभा उलटा बसवला होता. तसं झालं की पंखा उलटा फिरतो. आवाज तोच, गरगर तीच, पण विस्तवाला वारा मिळत नाही. आंच उतरते, म्हणून कंट्रोलर आणखी कांड्या ढकलतो, त्या नुसत्या धुमसतात आणि धूर मागे पेटीकडे चढतो. पहिल्या महिन्यातला शिकाऊ हात ही चूक करतो. त्याच्यासाठीच ती पाटी आहे. पाटी माझी, अक्षर माझं, आणि पट्टी त्या दिवशी मी लावली नव्हती.

धाकटीने धूर ओळखला होता. मी ओळखला नाही.

माझे पती दारात उभे होते. त्यांनी पट्टी पाहिली. म्हणाले, "सांगून टाक तिला." मी म्हटलं, "उद्या सांगते." मी मोटर उघडली, सुलटी केली, बसवली. उद्या सांगितलं नाही. पहिले काही महिने ते विचारत, मग विचारायचं सोडलं. शेवटच्या दुखण्यात एकदा मी त्यांना पाणी पाजत होते तेव्हा म्हणाले, "काय गं, उद्या झाला का?"

का सांगितलं नाही, तेही लिहिते. बाईमाणूस मोटरी भरते म्हटल्यावर पहिली दोन वर्षं लोक उंबऱ्यावरून परत जात. पुढे आजूबाजूच्या तीन गावांतून यायला लागले, ते माझी भरलेली मोटर परत येत नाही म्हणून. एक चूक बाहेर गेली तर सगळं जाईल, असं मला वाटलं. माझं जाऊ नये म्हणून मी तिचं घालवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मला याची लाज वाटते. नऊ वर्षं रोज वाटली आणि रोज मी ताठ मानेने अंगणातून फिरले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी आयुष्यभर दिरांना लावली. ती माझी आहे.

कलम ८. रस्त्याकडची खोली

वर्कशॉपची रस्त्याकडची खोली, शटर आणि विजेच्या जोडणीसकट, धाकटीला मिळावी. तिथे तिने शिवणकामाचं दुकान काढावं अशी माझी इच्छा आहे, सक्ती नाही. खोलीला उत्तरेचा उजेड आहे. तार पाहायला चांगला होता, सुईलाही चांगला असेल. कापायचं टेबल खिडकीखाली मावतं, मी मापून पाहिलं आहे.

कलम ९. मी गेल्यावर

भाषणं नकोत. फोटो लावायचा तर चष्म्याशिवायचा लावू नये. बाराव्या दिवसापर्यंत सोयीच्या एखाद्या दुपारी इंजिन पेटवून गल्लीला जेवायला बोलवावं आणि जेवणाआधी कलम ७ मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचावं.

कलम १०. व्यवस्था

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

इथे हे मृत्युपत्र संपणार होतं.

पुरवणी, सहीच्या दिवशी लिहिलेली

मंगळवारी वकीलबाईंनी वरचा मजकूर वाचला. स्वल्पविरामांवर त्यांचा काही आक्षेप नव्हता. कलम ९ वर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "म्हणजे हे तुम्ही गेल्यावर वाचायचं. ती चिडेल, रडेल, काय बोलायचं ते बोलेल, तेव्हा तुम्ही समोर नसाल."

मी म्हटलं, "सोयीचं आहे."

त्यांनी चपला घातल्या आणि "रविवारी सहीला येते" म्हणून गेल्या. दोन दिवस मी त्या कागदाच्या भोवती फिरत होते. ज्याला त्याला सांगत आले की काम गिऱ्हाइकासमोर चालू करून दाखवावं, मगच हातात द्यावं. आणि हेच एक काम मी गुंडाळून, मी नसताना पोचवणार होते. शुक्रवारी मी पुतणीला म्हटलं, "त्या दिवशीचे जेवढे उरलेत तेवढे रविवारी बोलव. आणि तुझ्या आईला मी स्वतः सांगते."

मी त्यांच्या दाराशी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. धाकटी उंबऱ्यावर आली. मी म्हटलं, "रविवारी अंगणात जेवण आहे. ये." ती म्हणाली, "झाकणाजवळ कोण उभं राहणार?" मी म्हटलं, "कोणीच नाही. ये तू." ती वळून आत गेली.

आज रविवार. इंजिन सकाळी आठला पेटवलं. बारा कोंबड्या, दोन मांड्या, मका, भोपळा. साठातली एक्केचाळीस माणसं आली. दिरांनी खुर्च्या मांडल्या. मास्तर कुंपणावरूनच म्हणाले, "वास बरा येतोय, पण कोळसा तो कोळसा." धाकटी शेवटी आली आणि आपल्या बाजूच्या पायरीवर उभी राहिली, खाली उतरली नाही.

मी थाळ्या वाटू दिल्या नाहीत. आधी कलम ७ वाचलं. सबंध.  वाचून झाल्यावर तिच्याकडे बघून म्हटलं, "चुकलं माझं. तुझं बरोबर होतं, आणि मला तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं."

 मास्तर म्हणाले, "म्हणजे घाईबाई..." वीस वर्षांत त्यांचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

धाकटी पायरी उतरली. मला वाटलं रडेल, किंवा मला दोन शब्द सुनावेल. दोन्हीला मी तयार होते. ती म्हणाली, "दोनदा."

"काय दोनदा?"

"झाकण मी दोनदा उघडलं होतं, वहिनी. तुम्ही पाच-सहा वेळा लिहिलंय."

मी आठवून पाहिलं. डॉक्टरांनी माझी स्मरणशक्ती उत्तम ठरवली आहे, पण नऊ वर्षं मी मनातल्या मनात ते झाकण दर दोन वर्षांनी तिच्या हातून आणखी एकदा उघडवत आले असणार. कबुली देतानाही मी माझ्या बाजूला पासंग लावला होता. सबब, कलम ७ मध्ये जिथे 'पाच-सहा वेळा' असं आहे तिथे 'दोनदा' असं वाचावं.

मग ती आपल्या घरात गेली. सगळ्यांना वाटलं संपलं. पण ती कात्री आणि कापड बेतायच्या पातळ कागदाची गुंडाळी घेऊन परत आली, बोटभर पट्टी कापली आणि इंजिनाच्या मागे जाऊन जाळीपुढे धरली. पट्टी झटकन जाळीला चिकटली. एक्केचाळीस माणसं माना वाकवून बघत होती. ती म्हणाली, "आज सुलटा आहे. जेवा." तेव्हा कुठे थाळ्या हलल्या.

जेवणानंतर वकीलबाईंनी कागद टेबलावर पसरले आणि दोन साक्षीदार मागितले. धाकटी हात धुऊन पुढे आली. म्हणाली, "एक सही माझी."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हांला नाही करता येणार. म्हणजे येईल, पण मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर कलम ८ रद्द. खोली गेली."

"जाऊ दे."

मी म्हटलं, "अगं, वेडी आहेस का? उत्तरेचा उजेड आहे. दुसरं कोणीही सही करेल."

ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "वहिनी, नऊ वर्षं माझ्या नावाखाली तुमचं वाक्य होतं. आता तुमच्या वाक्याखाली माझं नाव येऊ दे. खोली काय, मी कुठेही शिवीन."

 दीर पुढे सरकले. त्यांनी वकीलबाईंना विचारलं, "आणि माझ्या भावाची पेटी?"

"साक्षीदाराच्या नवऱ्यालाही काही मिळत नाही."

"अगं, निदान मला विचारायचंस तरी!"

"पक्कड आहे ना तुमच्याकडे," धाकटी म्हणाली, आणि अंगण हसलं. मीही हसले. त्या अंगणात तिच्या बोलण्यावर मी नऊ वर्षांनी हसले आणि मला बरं वाटलं.

दुसरी सही मास्तरांनी केली. कलम ६ मधलं पोतंही त्यामुळे रद्द होतं, हे त्यांना सही झाल्यावर सांगण्यात आलं. ते म्हणाले, "सुटलो." मग म्हणाले, "विकत कुठे मिळतं ते?"

तेव्हा कलम ८ रद्द, कलम ४ मधली पेटी रद्द, कलम ६ रद्द. हत्यारांची पेटी आता पुतणीला द्यावी, आणि तिच्याकडून तिचा बाप पाच मिनिटांसाठी नेईलच. खोलीचं असं आहे. कायदा मेलेल्या माणसाने दिलेल्या वस्तूंबद्दल बोलतो. मी जिवंत आहे. शटरची किल्ली मी खिळ्यावरून काढली आणि सगळ्यांसमोर तिच्यापुढे टेबलावर ठेवली. कागदपत्रं वकीलबाई येत्या आठवड्यात करतील, माझ्या हयातीत, माझ्या सहीने. तिने किल्ली लगेच उचलली नाही. आधी हे सगळे कागद पहिल्या पानापासून वाचायला घेतले. आम्ही बसून राहिलो. इंजिनाचं बटण मी दाबलं होतं, पंखा त्याची दहा मिनिटं चालत होता. तो थांबला तरी तिचं वाचन चालूच होतं.

वाचून झाल्यावर तिने सही केली, पेनाला टोपण लावलं आणि किल्ली उचलून पदराच्या टोकाला बांधली. "उद्या कॉलरी आहेत," ती म्हणाली. "संध्याकाळी येऊन खोलीचं माप घेते. तुमच्या मापावर माझा भरवसा नाही."

मी म्हटलं, "नसावाच."

वरील सर्व मजकूर आणि पुरवणी मी स्वतः लिहिली, वाचली आणि ती मला मान्य आहे.

ठिकाण: मागचं सामाईक अंगण
दिनांक: ११ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळचे पावणेसहा

मृत्युपत्र करणार: थोरली जाऊ, मोटर वाइंडिंग
(सही)

साक्षीदार दुसरे: मास्तर, चित्रकला, निवृत्त
(सही) 'जेवण उत्तम होते. कोळशाबद्दलचे मत राखून.'

साक्षीदार पहिली: धाकटी जाऊ, शिवणकाम
(सही) 'सगळं वाचून, घाई न करता सही केली आहे.'